हाव मास्तरची सुपारी

देऊळघाट. मंगळवार, ता. ५ फेब्रुवारी १९३५

ही वही शाळेच्या दप्तरातली जुनी आहे. मागची पानं कोरी होती म्हणून घरी आणली.

काल डिप्टीसाहेब तपासणीला येऊन गेले आणि शेरेबुकात एक ओळ लिहून गेले. ‘हेडमास्तर शेषराव यांचे लक्ष वर्गात नसते.’ सत्तावीस वर्षं मास्तरकी केली, तिच्यातून एवढं एक वाक्य निघालं.

झालं असं. साहेब खुर्चीवर बसून हजेरीपट पाहत होते. मी चौथीला शुद्धलेखन सांगत होतो. मागून एकानं विचारलं, “मास्तर, घरी जाऊ?” मी म्हटलं, “हाव.” तो उठला. त्याच्या मागून दुसरा उठला. मी आपला सांगतोच आहे, पूर्णविराम, नवे वाक्य, आणि समोर वर्ग रिकामा. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

ते गेल्यावर तुळशीराम, माझ्या हाताखालचा मास्तर, म्हणाला की गावातली पोट्टी मला ‘हाव मास्तर’ म्हणतात. आजची नाही, चांगली तीन वर्षं म्हणून राहिली आहेत. मला कोणी सांगितलं कसं नाही? सांगितलंही असेल, आणि मी हाव म्हटलं असेल.

थकवा येतो. कशाचा ते समजत नाही, अंगमेहनत तर काडीची नाही. उठतो, शाळेत जातो, घरी येतो, जेवतो. सांजेला कोणी विचारलं की मास्तर, सकाळी काय जेवले, तर सांगता येत नाही.

म्हणून बेत केला आहे. या वहीत रोज तेवढंच लिहायचं, जे करताना मन त्याच कामात होतं. बाकी काही नाही.

आज: काही नाही.

बुधवार, ता. ६

आज: दाढी करताना हनुवटी कापली. रक्त थांबेपर्यंत मन तिथेच होतं.

गुरुवार, ता. ७

बेताप्रमाणे हे लिहायला नको, पण आज दुसरं काहीच नाही. दुपारी शकुंतला एक कागद घेऊन आली. काहीतरी विचारलं. मी मनातल्या मनात साहेबांच्या शेऱ्याला उत्तर लिहीत होतो. हाव म्हटलं, तिनं बोट ठेवलं तिथे सही केली. शाई वाळेपर्यंत ती उभी राहिली आणि मग कागद छातीशी धरून आत गेली. शाळेचंच काहीतरी असेल.

शकुंतला माझी मुलगी. एकुलती एक. सतरा वर्षांची आहे, मराठी सातवी झालेली. तिची आई गेल्यापासून घर तीच पाहते. कधी तक्रार नाही. निदान माझ्या कानावर नाही.

रविवार, ता. १०

दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ वामनराव, यांनी परवा निरोप दिला होता की वडनेर भोलजीची मंडळी येणार. आली. भगवानराव, त्यांच्या घरच्या रुखमाबाई, आणि सोबत दोघं. ओसरीत सतरंजी टाकली. गावचे चार जण दादांनी बोलावून बसवले होते. शकुंतलेनं चहा आणून ठेवला. पिकापाण्याच्या गोष्टी चालल्या.

माझं मन शेऱ्यावर. ‘लक्ष वर्गात नसते’ आणि ‘लक्ष वर्गाकडे नसते’ यांत फरक आहे. पहिल्यात माणूसच वर्गाबाहेर आहे असा अर्थ निघतो. मी तर टेबलाजवळ उभा होतो. यावर साहेबांना नम्रपणे लिहावं काय, याचा विचार करत होतो.

तेवढ्यात तबक समोर आलं. नारळ, पानं, वर एक अख्खी सुपारी. चांगली होती, जड, कीड नसलेली. दादा काहीतरी बोलले, भगवानराव काहीतरी बोलले, सगळे माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. मी हाव म्हटलं. अडकित्ता माझ्या कमरेला असतोच. सुपारी कातरली. मंडळी एकदम खूश झाली, दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वडनेरचे लोक मोकळ्या मनाचे दिसले.

आज: सुपारी कातरताना मन सुपारीतच होतं. बरोबर दोन सारख्या फोडी, चुरा म्हणून पडला नाही. बेत जमायला लागला आहे.

सोमवार, ता. ११

हेही बेतात बसत नाही, तरी लिहितो.

सकाळी दादा आणि गोजरबाई वहिनी वाटीत साखर घेऊन आले. वहिनींनी शकुंतलेच्या तोंडात घातली, माझ्या तोंडात घातली. दादा म्हणाले, “पोरीचं सोनं केलं बे तू.”

मी पाहतच राहिलो.

“काऊन असा पाहून राह्यला?”

“दादा, कशाची साखर?”

ते हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतो. मग माझं तोंड पाहून हसायचे थांबले. “तुले तीन बार विचारलं म्या, चौघाइच्या समोर. पोरगी आमच्या गोपाळले देता काय, म्हणून भगवानरावानंही विचारलं. तू हाव म्हटलं. सुपारी फोडली. आता कशाची साखर म्हणतो?”

आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं. मुलीच्या बापानं चारचौघांदेखत फोडायची, एक फोड त्यांच्या देव्हाऱ्यात जाते, एक आपल्या. शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मलाही माहीत आहे. पण समोर सुपारी आली की माझा हात अडकित्त्याकडे जातो, तीस वर्षांची सवय. हाताला कोण विचारतो की ही कोणती सुपारी आहे?

दादांना तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की मी ऐकत नव्हतो. जिभेवर आलं होतं. पण ते काय सांगणं झालं? पोरीचं लग्न ठरत होतं आणि बाप व्याकरण करत बसला होता. मी साखर गिळली.

ते गेल्यावर चुलीजवळ गेलो. शकुंतला भाकर थापत होती.

“तुले माहीत होतं?”

“आवाज ऐकला मी आतून. अडकित्त्याचा.” तिनं मान वर केली नाही. “बाबा, मी तुम्हाले विचारलं होतं. तुम्ही हाव म्हटलं होतं.”

“काय विचारलं होतं?”

ती सांगणार होती. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. उशीर नको म्हणून निघालो. शेऱ्यानंतर उशीर करून चालत नाही.

गुरुवार, ता. १४

गोपाळबद्दल दादांकडून ऐकलं. वय बावीस, घरचं वावर, दोन बैलजोड्या, कोणतं व्यसन नाही. मुलगा वाईट नाही. मग मी एवढा कशाला कुढतो? झालं ते बरंच झालं असेल. देवानंच माझा हात धरून फोडून घेतली असेल.

आज: भाकर खाताना भाकरच खाल्ली. एका अंगाला जरा जास्त शेकलेली होती. चुलीच्या त्या बाजूचा दगड खचला आहे, म्हणून तसं होतं. किती दिवसांपासून खचला असेल?

शनिवार, ता. १६

आज: चुलीचा दगड बसवला. अर्धा तास पुरा मन लावून. माती कालवताना बरं वाटलं. शकुंतला बाजूला उभी राहून पाहत होती. तिला काही बोलायचं होतं असं वाटलं, पण माती वाळत होती.

मंगळवार, ता. १९

आज: विहिरीवरून दोन घागरी आणल्या. दोर हातातून सरकतो तो समजला. पाण्याला खाली घागर लागते तो आवाज ऐकला. रोज असंच करायचं. या वहीचा उपयोग होतो आहे. मन ठिकाणावर येऊन राहिलं आहे, याचं समाधान वाटतं.

शकुंतला दोन दिवसांपासून जेवत नाही नीट. हवेचा फरक असेल.

शुक्रवार, ता. २२

आज एक पाहिलं ते लिहितो.

दुपारच्या सुटीत घरी आलो, चष्मा विसरला होता म्हणून. गल्लीत आमच्या ओट्यावर पाच मुली बसलेल्या. चार माळ्यांच्या, एक सुताराची. मध्ये शकुंतला. पाटीवर ‘ण’ काढून दाखवत होती. एकीचा ‘ण’ उलटा होत होता. शकुंतलेनं तिचा हात हातात धरला आणि तीनदा फिरवला, मग सोडला. चौथ्यांदा मुलीनं आपला आपण काढला. शकुंतला एवढंच म्हणाली, “आता हा तुहा झाला.”

मी सत्तावीस वर्षांत ‘ण’ असा शिकवला नाही. मी फळ्यावर काढतो आणि म्हणतो, काढा.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाले, बाबा. तुम्ही रोज इथूनच जाता.”

खरंच इथूनच जातो. मुलींच्या पाट्यांना वळसा घालून ओटा चढतो.

चष्मा घेतला आणि शाळेत गेलो. दुपारभर चौथीला काय शिकवलं ते आठवत नाही.

आज: शकुंतलेचा हात पाहिला. मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे. कधी भाजली ते विचारलं नाही.

रविवार, ता. ३ मार्च

वहिनी शकुंतलेला घेऊन कासाराकडे गेल्या. दादांनी वैशाखातला मुहूर्त काढून आणला. मला दाखवला. या खेपेला मी कागद दोनदा वाचला, मग मान हलवली. मान हलवताना मन मानेतच होतं. तरी बरं वाटलं नाही.

नीट लक्ष देऊन चुकीची गोष्ट केली तर ती बरोबर होते काय? हे कोणाला विचारावं?

आज: काही नाही.

शुक्रवार, ता. ८

आज तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. तिथी मागेच होऊन गेली, तारीख आज.

हे कधी लिहिलं नाही, आता लिहितो. त्या दिवशी तिला ताप होता, मामुली. सांजेची वेळ. ती बाजेवर निजली होती, शकुंतला चुलीजवळ होती. मी पागोटं बांधून दारात उभा होतो, पारावर वर्तमानपत्राचं वाचन असायचं आणि ते मीच करायचो. ती काहीतरी म्हणाली. मी हाव म्हटलं आणि गेलो. परत आलो तेव्हा तिचं बोलणं बंद झालं होतं. पहाटे गेली.

काय म्हणाली होती ते मला माहीत नाही. शकुंतलेनं ऐकलं असणार. तीन वर्षांत मी तिला विचारलं नाही. पाणी मागितलं असेल तर? वैद्याला बोलवा म्हणाली असेल तर? मी हाव तर म्हटलं होतं.

लोक म्हणतात मास्तराचं मन बायको गेल्यापासून थाऱ्यावर नाही. लोकांचं उलटं आहे. मन आधीपासूनच नव्हतं, म्हणून तर असं झालं.

मी फार थकलो आहे.

गुरुवार, ता. १४

टपाल आलं. लिफाफा माझ्या नावचा, उमरावतीचा. मुलींच्या नॉर्मल स्कुलातून, जिथे मास्तरणी तयार करतात. ‘आपल्या संमतीने आलेला आपली कन्या शकुंतला हिचा अर्ज मंजूर झाला आहे. एक एप्रिलपासून हजर व्हावे. दोन वर्षे राहण्याची व्यवस्था संस्थेत होईल.’

मी पोस्टमनला म्हणणार होतो की हे आमचं नाही. मग ‘आपल्या संमतीने’ हे पुन्हा वाचलं आणि ता. ७ फेब्रुवारीचं पान उघडलं. सगळं तिथे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. कागद, सही, छातीशी धरून आत गेली.

म्हणजे सुपारीच्या तीन दिवस आधी मी पोरीला शब्द दिला होता. दोन्ही हाव माझेच. एकही मी ऐकून म्हटलेला नाही.

शुक्रवार, ता. १५

शाळेत तुळशीरामला सांगितलं की आज मी येत नाही. सत्तावीस वर्षांत अशी रजा घेतली नव्हती.

शकुंतला ताक घुसळत होती. लिफाफा तिच्यासमोर ठेवला. तिनं हात पुसले, वाचला, आणि पुन्हा घडी केली. चेहऱ्यावर काही नाही.

मी म्हटलं, “तू त्या दिवशी जे विचारलं होतं ते पुन्हा विचार. मी ऐकून राहिलो.”

“आता कायले? सुपारी फुटली.”

“तरी विचार.”

तिनं रवी काढून ठेवली. मग पदर नीट केला, शाळेत उभ्यानं उत्तर देतात तशी उभी राहिली. “बाबा, मी उमरावतीले शिकाले जाऊ? दोन वर्षं लागतात. तुमच्या भाकरीचं काय होईल, ते मले माहीत नाही. मी त्याचाही विचार केला, पण त्याच्यावर उपाय नाही सापडला.”

माझ्या तोंडात तो शब्द आलाच होता. तिला तो दिसला असावा.

“हाव नका म्हणू,” ती म्हणाली. “त्या शब्दाचा मले भरोसा नाही राह्यला.”

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या आईसारखं नाक आहे आणि माझ्या आईसारखं कपाळ. हे घर ती नसताना कसं दिसेल ते डोळ्यासमोर आणलं. पुरतं आणलं, चुलीपासून ओट्यापर्यंत. फार वाईट दिसलं. मग म्हटलं, “जा.”

ती खाली बसली आणि रडली. मी ताकाच्या मडक्याला हात देऊन धरून ठेवलं, ते कलंडत होतं.

नंतर म्हणाली, “गोपाळमध्ये खोड काढू नका, बाबा. मी त्याईले पाह्यलंही नाही. चूक तुमची हाय, तर तुमचीच सांगा.”

रविवार, ता. १७

दादांकडे गेलो. सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी पानाचा डबा उघडला.

“फुटलेली सुपारी आजवर कोणी सांधली काय?”

“नाही.”

“वडनेरच्या मंडळीले काय सांगशील? मास्तर उघड्या डोळ्यानं झोपला होता?”

“हाव,” मी म्हटलं. आयुष्यात हा एक हाव मी ऐकून म्हटला.

दादांनी पानाचा डबा बंद केला. “त्या ओसरीत मी शब्द टाकला होता, शेषराव. माह्या तोंडावर ते लोक आले. तू तिथं गेला, तर माह्या दारात येऊ नको.”

लहानपणी ताप आला की ते मला खांद्यावर घेऊन बुलढाण्याला जायचे. घाटातून, पायी. मला ते आठवलं आणि तिथेच रडू आलं. वहिनी दाराआडून पाहत होत्या. मी आलो.

रविवार, ता. २४

वडनेरला जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

देव्हाऱ्यातली आमची फोड रुमालात बांधली. अडकित्ता घरी खुंटीला ठेवला. बुलढाण्यापर्यंत पायी, तिथून मोटारीनं मलकापूर, पुढे एका गाडीवाल्यानं बसवलं. ऊन चांगलंच तापलं होतं.

भगवानराव ओसरीत होते. व्याही आले म्हणून उठून सामोरे आले, पाय धुवायला पाणी दिलं. तेच पाणी मला जड झालं. पानाचं तबक आलं. माझा हात कमरेला गेला, तिथे काही नव्हतं. मी रुमाल सोडून फोड त्यांच्यासमोर ठेवली.

“भगवानराव, त्या दिवशी मी सुपारी फोडली, पण तुम्ही काय विचारलं ते ऐकलं नव्हतं. माझं मन दुसरीकडे होतं. पोरीला त्याच्या आधी मी शिकायला जायचा शब्द दिला होता. तोही ऐकला नव्हता. आता दोन्ही ऐकले. हे लग्न मला करता येत नाही.”

त्यांना आधी समजलंच नाही. मग चेहरा लाल झाला. “आमच्या घरात काही खोट दिसली काय?”

“खोट माझ्यात आहे.”

“मास्तर, शाळा शिकवता का पोट्ट्याइचा खेळ मांडता? मन दुसरीकडं होतं म्हणे. असं कारण म्या जन्मात नाही ऐकलं. हुंडा जास्त वाटला असता, पोरगं काळं वाटलं असतं, तर समजलो असतो.”

मी मान खाली घातली नाही. घालायची फार इच्छा होती. दारात एक मुलगा उभा होता, हातात बैलाचं दावं, उंच, साध्या तोंडाचा. तोच गोपाळ असणार. त्यानं सगळं ऐकलं. मागे वळून गेला. त्याची पाठ पाहिली तेव्हा मला सगळ्यात जास्त लाज वाटली. त्या मुलानं माझं काय केलं होतं?

आतून रुखमाबाई आल्या. माझ्यासमोर बसल्या, सरळ.

“मी त्या दिवशी तुमच्याच तोंडाकडे पाहून राह्यली होती, मास्तर. तुम्ही तिथं नव्हते. मले समजलं होतं.”

भगवानराव म्हणाले, “मग बोलली काऊन नाही?”

“पोरगी मनात भरली होती. म्हटलं, बोललं तर हातची जाईल. थो माहा दोष.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “माह्या बापानं माही सुपारी फोडली तवा तो चांगला जागा होता. तरी मले कोणी विचारलं नाही. तुम्ही निदान झोपेत फोडली, अन् जागे होऊन पोरीले विचाराले गेले.”

त्या उठल्या आणि देव्हाऱ्यातून त्यांची फोड घेऊन आल्या. दोन्ही फोडी तळहातावर जुळवून पाहिल्या. बरोबर जुळत होत्या, मी सारख्याच कातरल्या होत्या. मला वाटलं आता परत देतील, नाहीतर अंगावर फेकतील. त्यांनी नवऱ्याच्या डब्यातून अडकित्ता काढला आणि दोन्ही फोडी कातरायला घेतल्या. बारीक. सगळ्या ओसरीत तेवढाच आवाज. चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकली, चिमूटभर भगवानरावांसमोर धरली. ते उठून गोठ्याकडे गेले. उरलेली माझ्या हातावर ठेवली.

“खा. खाल्ली का झालं. नाही तर कोणाच्या तरी देवापाशी पडून राह्यते अन् दोन्ही घराइले टोचते.”

मी खाल्ली. तुरट होती, जराशी कडू. पुरी चावून होईपर्यंत दुसरं काही मनात आलं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, “पण चारचौघात आमच्या पोराचं नाव खराब झालं, मास्तर. हे ध्यानात ठेवजा.”

ठेवलं आहे. म्हणून इथे लिहिलं.

गुरुवार, ता. २८

गावात सगळ्यांना समजलं. शाळेच्या फळ्यावर कोणीतरी अडकित्ता काढून ठेवला होता. चित्र चांगलं होतं, दांड्यांचा सांधा बरोबर आला होता. मी पुसलं नाही. त्याच्याखाली शुद्धलेखनाचे शब्द लिहिले.

दादांच्या घरासमोरून जातो तेव्हा ते पेपर वर धरतात.

आज: शकुंतलेकडून भाकर शिकलो. पहिली तुटली, दुसरी जळली, तिसरी खाण्यासारखी. तिनं माझा हात धरून पिठावर फिरवला, तीनदा, मग सोडला.

शनिवार, ता. ३०

शकुंतला गेली.

तुळशीरामच्या छकड्यातून बुलढाण्यापर्यंत मी सोबत. तिथून एक वयस्क मास्तरीणबाई उमरावतीला जाणाऱ्या होत्या, त्यांच्या सोबतीनं मोटारीत बसायची होती. छकड्यात आम्ही दोघंच मागे, ट्रंक मधे. तिनं मला सांगितलं की मीठ कोणत्या बरणीत आहे, गाय कोणत्या अंगाला लाथ मारते, ओट्यावरच्या पाच मुलींपैकी सुताराच्या मुलीला कमी दिसतं म्हणून तिला पुढे बसवायचं. मी एकेक ऐकलं. एकदाही हाव म्हटलं नाही. ती सांगून झाली की मी तेच परत म्हणून दाखवायचो. दोनदा चुकलो, तिनं दुरुस्त केलं.

बुलढाण्याची घरं दिसायला लागली तेव्हा विचारलं. आता नाही तर कधी विचारणार होतो?

“तुझी आई त्या सांजी काय म्हणाली होती?”

तिनं ट्रंकेची कडी ओढून पाहिली. बैलांच्या घुंगरांचा आवाज होता.

“पाणी मागितलं होतं काय?” मी म्हटलं. “का वैद्य बोलवा म्हणाली?”

“नाही, बाबा.”

“मग?”

“‘उलसं बसा ना माह्यापाशी,’ एवढंच म्हटलं होतं तिनं.”

“अन् मी हाव म्हटलं.”

“हाव,” शकुंतला म्हणाली.

मग मोटार आली. ट्रंक वर चढवली. ती खिडकीशी बसली, मी खाली उभा राहिलो. तिनं बाहेर हात काढला तेव्हा मनगटावरच्या डागाबद्दल विचारलं. म्हणाली, आई गेली त्या महिन्यात, दूध उतू जाताना. मी घरातच होतो म्हणे.

सांजेच्या आधी परत आलो. गाय बांधली. चूल पेटवली नाही, भूक नव्हती. तिच्या आईची बाज अजून त्याच भिंतीशी आहे, मी तिच्यावर वह्यांचे गठ्ठे ठेवत आलो. ते सगळे उचलून खाली ठेवले. ती ज्या अंगाला निजायची तेवढी जागा सोडली आणि पायथ्याशी बसलो. दारातून पारावरचा आवाज येत होता, वर्तमानपत्र आता दुसरं कोणी वाचतं.

उलसंच म्हणाली होती, थोडा वेळच. मी दिवस बुडेपर्यंत बसलो.